तांदळात रोवलेले व्हॉल्व्ह

आमच्या वेळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवऱ्याला बायकोचं नाव ठाऊक नसे, हे मात्र कुणी सांगत नाही.

लग्न होऊन मी चौलला आले त्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात एक नाव लिहिलं आणि पेढे वाटले गेले. झालं, मी ती बाई झाले. नाव सासूबाईंनी निवडलं होतं. वाईट नव्हतं, पण माझं नव्हतं. माझं नाव माहेरी राहिलं, आणि माहेर दिघीला, दोन खाड्यांच्या पलीकडे. रेवदंड्याहून होडी, मग मुरुडवरून आगरदांड्यापर्यंत खडखडत एसटी, मग तिथून लाँच. पावसाळ्यात तेही बंद.

वडील होते तोवर मला त्याचं काही वाटलं नाही. शिमग्याच्या आधी ते सुपाऱ्यांची पिशवी घेऊन यायचे. चौलच्या वाड्यांत सुपारी काय कमी होती? पण लेकीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून आणायचे. आल्या आल्या जुन्या नावाने मोठ्याने हाक मारायचे आणि सासूबाईंच्या कपाळाला आठी पडायची. मला दोन्हींची मजा वाटायची.

ते गेले आणि ती हाक गेली. आई माझ्या लहानपणीच गेलेली. भाऊ मला ताई म्हणे. मैत्रिणींची लग्नं होऊन त्यांचीही नावं कुठल्या कुठल्या ताटांत बदलली असणार. मी वडिलांसाठी रडले की त्या नावासाठी, ते मला आजही नीट सांगता येत नाही. एकदा न्हाणीची कडी लावून मीच मला हाक मारून पाहिली. पण आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची, ह्यात काय अर्थ? फार एकटं वाटलं त्या दिवशी.

ह्यांचं रेवदंड्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नागावला समुद्राकाठी मुंबईच्या एका शेठाणीबाईंचा बंगला होता आणि त्यात विलायतेहून आणलेला विजेचा ऑर्गन. नाटकातली पायपेटी नव्हे. ह्याला भाता नव्हता, पोटात रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह, म्हणजे बल्बासारख्या नळ्या होत्या आणि त्या तापल्या की सूर निघायचा. बंगल्यापुरती वीज करणारं इंजिन मागे धडधडत असायचं.

एका हिवाळ्यात त्यातला एक सूर मुका झाला. बारा सुरांचे बारा व्हॉल्व्ह, त्यातला एक गेला होता. सगळ्यांवर ऑर्गनवाल्या कंपनीचंच नाव. हे मुंबईला जाऊन अख्खा बाजार पालथा घालून हात हलवत परत आले. त्या नावाचा व्हॉल्व्ह कुणी ऐकलाच नव्हता. एका दुकानदाराने सांगितलं, ऑर्गनवाले व्हॉल्व्ह बनवत नाहीत, दुसऱ्या कारखान्याकडून घेतात आणि वर आपलं नाव छापतात. कारखाना ओळखून या, मग त्याच्या जोडीचा देतो. भलत्याच कारखान्याचा लावला तर सूर निघेल, पण बाकीच्यांत मिसळणार नाही.

ह्यांनी बाराही व्हॉल्व्ह घरी आणले. गडगडू नयेत आणि क्रम बदलू नये म्हणून परातीत तांदूळ घातले आणि एकेकाच्या पिना त्यात रोवून ओळीने उभे केले. अंगणात उन्हात परात, एका बाजूला हे, एका बाजूला मी. माझी नजर बारीक, म्हणून मला बसवलं.

"नाव वाचत बसू नको," हे म्हणाले. "नाव नुसतं रंगाचं हाय." त्यांनी अंगठा घासला तर नाव खरंच निघून गेलं. "काचेच्या आत बघ. वर चांदी चमकते, तिथं तारेची कडी हाय ना? ती गोल हाय का चौकोनी? उभा पत्रा सपाट हाय का वळ्यांचा? कारखाना बदलला का हे बदलतं. नाव छापणाऱ्याला आतलं काय बदलता येत न्हाय."

मी बघत गेले. बहुतेक सगळे एका वळणाचे, गोल कडी आणि पत्र्याला वळ्या. दोन तेवढे चौकोनी कडीचे, म्हणजे दुसऱ्या घरचे; त्यांचे सूर आधीपासूनच जरा वेगळे पडायचे. गेलेल्याची चांदी पांढरी पडली होती, पण कडी गोलच होती. मग ह्यांनी दुकानातल्या निकामी व्हॉल्व्हांचा डबा माझ्यापुढे ओतला. त्यात एका जुन्या रेडिओतला हुबेहूब तसाच सापडला आणि त्यावर कारखान्याचं स्वतःचं नाव होतं.

"घावलं!" हे मांडीवर थाप मारून ओरडले.

परातीतल्या तांदळाकडे बघता बघता माझं डोकं फिरलं.

"बारा काचांचं माहेर हुडकलंत," मी म्हटलं. "घरात एक आणलीय, तिचं काय?"

"तुझं काय हुडकायचं? दिघीला हाय."

"माहेर न्हाय, नाव. तुम्ही तांदळात लिवलंत, त्याच्या आधीचं."

वडील ह्यांच्या देखत हाका मारायचे, पण सासऱ्याच्या हाका कुठला जावई कान देऊन ऐकतो? डोकं खाजवून खाजवून हे शेवटी म्हणाले, "आठवत न्हाय गं. सांग की."

"सांगणार न्हाय. हुडका," म्हणून मी उठले आणि भाकऱ्या थापायला बसले. त्या दिवशी एकही भाकरी धड झाली नाही.

मुंबईहून व्हॉल्व्ह आला. बाईंनी आम्हा दोघांना बसवून ऑर्गन वाजवून दाखवला. नवा सूर कुठला ते मला कळेना, इतका तो बाकीच्यांत मिसळून गेला होता. त्याला घरची माणसं मिळाली, असं मनात आलं आणि मला त्याचा हेवा वाटला. काचेच्या नळीचा हेवा! पण वाटला खरा.

नावाचा विषय पुन्हा निघाला नाही. मी रोज वाट बघत होते, पण बोलून दाखवणार नव्हते. एका सकाळी हे दुकान न उघडताच होडीत बसले. दिघीला एका रेडिओचं काम आहे म्हणाले. दिघीला तेव्हा रेडिओ होता की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी रेवदंड्याच्या बंदरावर मासळीला गेले होते. पलीकडून होडी आली होती, माणसं उतरत होती, कोळिणींचा गलका चालला होता. मी बोंबलांच्या वाट्यावरून घासाघीस करत होते. तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला. कुणाला तरी नावाने हाक मारत होते. भर बाजारात एका बाईला नावाने हाक, आणि तीही ह्यांनी! मला लाजल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. माझ्या शेजारी तीन-चार बायका टोपल्यांवर वाकल्या होत्या. त्यांच्यातली कोण ओ देते, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.