पलीकडून दिसेल अशी बॅटरी

आमच्या इमारतीची लिफ्ट सांभाळणारे काका मला मास्तरीणबाई म्हणतात. मी मास्तरीण नाही. साहित्यात एम.ए. केलंय आणि नोकरी शोधतेय. दोन वर्षांपूर्वी मी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकले. काकांनी दार फाकवलं तेव्हा मी खाली बसून पुस्तक वाचत होते. "इतक्या वर्षांत न ओरडलेलं माणूस पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. तेव्हापासून आमची मैत्री.

त्या मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मला दुकानात नेलं. डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला शिकलेलं माणूस हवं म्हणाले.

"बॅटरी दाखवा," त्यांनी दुकानदाराला सांगितलं.

"कुठल्या गाडीची?"

"गाडीची नाही हो. हातातली. उजेडाची."

"मग टॉर्च म्हणा की."

"तुम्ही म्हणा. आमची बॅटरीच."

दुकानदाराने काउंटरवर पाच-सहा मांडल्या. सगळ्या एलईडीच्या, सगळ्या चार्जिंगच्या. मी डबे वाचत गेले. लुमेन इतके, चार्ज व्हायला चार तास, पाण्याचे शिंतोडे चालतील. काकांचं त्याकडे लक्ष नव्हतं. ते एकेकीची पुढची काच बोटाने पुसत होते.

"ही किती लांबून दिसते?" त्यांनी विचारलं.

"हिच्यात पाचशे मीटरपर्यंतचं दिसतं."

"लांबचं नाही विचारत. लांबून विचारतोय."

"एकच की ते, काका. ही मोठी घ्या. समोरच्या टेकडीवरच्या शेळ्या मोजाल."

"मला शेळ्या नाही मोजायच्या. शेळीला मी दिसलो पाहिजे."

दुकानदार खो खो हसला. "म्हणजे तुम्हाला बघायचं नाही, दिसायचंय!"

काका हसले नाहीत. "हो," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मला रस्त्याच्या टोकाला पाठवलं. वर बजावलं, "डोळे बारीक करून उभ्या राहा. अडुसष्ट वर्षांच्या बाईसारखे." मी तशी उभी राहिले. येणारे-जाणारे बघत होते. दुकानाच्या पायरीवरून काका एकेक बॅटरी दोनदा लावून विझवत होते. अजून उजेड होता. पहिल्या चार मला दिसल्याच नाहीत. पाचवी दिसली. सुई टोचल्यासारखी दिसली. तीच घेतली.

"अडुसष्ट वर्षांची कोण?" परत येताना मी विचारलं.

"ताई. माझी थोरली."

मला वाटत होतं यांना कुणीच नाही. नदीपलीकडे, आमच्या गच्चीच्या अगदी समोर, गुलाबी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची सख्खी बहीण राहत होती. पुलावरून चालत वीस मिनिटं. नऊ वर्षं दोघांचा अबोला होता.

"आई गेली त्या दिवशी मी एका लिफ्टमधून सात जणांना काढत होतो," ते म्हणाले. "त्यात एक पोटुशी होती. सोडून कसा जाणार? पोचायला दोन तास उशीर झाला. ताई म्हणाली, परक्यांना बाहेर काढत बसलास आणि आई तुझी वाट बघत गेली. मी म्हणालो, तू तर उशाशीच होतीस ना, तुला तरी थांबवता आली?"

त्यांनी बॅटरीचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"बोलून गेलो," ते म्हणाले.

त्या भांडणानंतर एका संध्याकाळी ते आमच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत काम करत होते. बाहेर येताना हातातली जुनी, पिवळ्या बल्बची बॅटरी सहज नदीकडे वळली. पलीकडच्या स्वयंपाकघरातला दिवा दोनदा विझला आणि लागला. दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांनी मुद्दाम लावली. पुन्हा उत्तर आलं. तेव्हापासून रोज सात वाजता.

"मग बोलत का नाही?"

"अबोला तिने धरलाय. सोडायचा तिनेच."

"आणि त्या काय म्हणत असतील?"

"हेच."

विरहावर मी ढीगभर वाचलं होतं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आता बारा दिवस पलीकडून उत्तर नव्हतं. नदीकाठी जाहिरातीचा मोठा फलक लागला होता, रात्रंदिवस पांढराफट्ट. त्याच्यापुढे आपली बॅटरी म्हणजे काजवा, असं काकांचं म्हणणं होतं. म्हणून ही नवी.

ती चार्जिंगला लावून ठेवली. बुधवारी सातला आम्ही गच्चीवर गेलो. काकांनी काच बाहीने पुसली आणि बटण दाबलं. झोत थेट नदी ओलांडून गेला. पलीकडच्या गॅलरीचे गज पांढरे झाले. स्वयंपाकघरात दिवा होता. खिडकीत कुणीतरी आलं. काकांनी पुन्हा लावली. त्या माणसाने हात तोंडासमोर धरला आणि पडदा ओढून घेतला.

"संपवलं तिने," काका म्हणाले.

"मी विचारून येते."

"काय विचारणार?"

"तुम्हीही चला, पण त्यांच्या जिन्यातच थांबा. तुम्ही बोलूच नका."

ते पुलावरून माझ्यामागे आले. बॅटरी हातातच राहिली होती. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते ताईंनीच. चेहरा काकांचाच, बारीक. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा.

"कोण?"

"मी नदीपलीकडे राहते. त्या समोरच्या इमारतीत."

"देवासारखी आलीस बघ. तुमच्या गच्चीवर कोण मेला झोत मारतोय, त्याला सांग जरा. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय माझं. दहा-बारा दिवस पालथं पडून राहायचं होतं. शेजारीण सगळं करत होती. आज पहिल्यांदा सातला खिडकीशी उभी राहिले, तर हा! डोळ्यांत पाणी आलं नुसतं."

"सांगते."

"आणि त्याच्यामुळे माझ्या भावाचा दिवा दिसेना. पिवळा आहे. मंद असतो. बारा दिवस मी उत्तर दिलं नाही, काय वाटलं असेल त्याला? कुणाकडून निरोप पाठवायचा, तर कुणाला सांगणार? आमचं बोलणं नाही." त्यांनी चौकटीला हात टेकला. "तू ओळखतेस का गं त्याला? लिफ्टचं काम करतो. जेवतो का वेळेवर?"

मी मागे पाहिलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं. एक पायरी. मग दुसरी.

"ताई, तो मेला मीच."

त्यांनी चष्मा काढायला हात वर नेला, आणि काढायचा नाही हे आठवून तसाच धरला. अंधूक जिन्याकडे तोंड करून त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

"आवाज किती म्हातारा झालाय रे तुझा," त्या म्हणाल्या.