अर्धी मिशी आणि पुरी झोप

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून आहे. तिथल्या केस कापणाऱ्यांना सगळे फवारेकाका म्हणतात. हे त्यांचं आडनाव नव्हे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं रे बसलं की ते पाण्याचा असा फवारा मारतात, की माणूस अर्धी अंघोळ उरकूनच घरी जातो. हात हलका, जीभ त्याहून हलकी. एका हजामतीत गल्लीतली चार लग्नं जुळवून दोन मोडतील.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. पाय सुजले, जिना चढताना धाप लागू लागली. हृदय चालतंय, पण रक्त ढकलायचा पूर्वीचा दम राहिला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आठवडाभर दवाखान्यात काढून, गोळ्यांची पिशवी घेऊन काका घरी आले आणि महिन्याभराने पुन्हा कात्री हातात घेतली.

सगळं सुरळीत झालं असतं, पण झोप रुसली. पाठ टेकली की छातीवर कुणी गोणी आणून ठेवल्यासारखं व्हायचं. उठून बसलं की बरं वाटायचं. त्यात लघवीची गोळी ते झोपताना घ्यायचे, म्हणजे तीन फेऱ्या ठरलेल्याच. काकूंना सांगावं, तर त्या दुकानाला कुलूप ठोकतील ही धास्ती. म्हणून बसल्या बसल्या ते पुटपुटायचे, "उकडतंय फार." दिवस थंडीचे होते आणि अंगात स्वेटर होता.

गिऱ्हाइकांपुढे मात्र त्यांनी विषय काढला, आणि फुकटचा सल्ला कोण सोडतो? कुणी तळपायाला तेल चोळायला सांगितलं, कुणी उशाशी कांदा ठेवायला. एकाने हजारापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. काका शून्याला पोचले, तिथून उणे दोनशेपर्यंत गेले, तरी डोळे टक्क उघडे.

मग आली ती मंगळवारची सकाळ. खुर्चीत हेडमास्तर होते. निवृत्त झाले तरी गल्लीत त्यांचा आणि त्यांच्या मिशीचा दरारा कायम होता. दोन पिढ्यांनी त्या मिशीकडे बघत पाढे म्हटले होते. काका कडा सारखी करत होते, हातातलं मशीन घुंऽऽ करत होतं, आणि त्या आवाजात त्यांचा डोळा लागला. निमिषभरच. डोळे उघडले तेव्हा डावी मिशी जागेवर होती आणि उजवी हेडमास्तरांच्या मांडीवर.

हेडमास्तरांनी आरशात आधी स्वतःकडे पाहिलं, मग काकांकडे. खोल गेलेले डोळे, ओढलेला चेहरा. ते उठले आणि वर्गात सांगावं तसं म्हणाले, "बसा इथे."

काका बसले. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात हेडमास्तरांनी खुर्चीची पाठ मागे कलती केली. वाक्य पुरं व्हायच्या आत काका घोरत होते. तासभर हेडमास्तर तोंडापुढे वर्तमानपत्र धरून दारात बसले आणि येईल त्याला परत पाठवत राहिले.

काका जागे झाल्यावर हेडमास्तरांनी विचारलं, "घरी किती वेळ झोपता?"

"घरी नुसता आडवा होतो, सर. झोप लागते ती इथे, या खुर्चीत."

"म्हणजे सपाट पडलं की श्वास अडतो, आणि टेकून बसलं की नाही. हे डॉक्टरांना सांगितलंत?"

काका टॉवेलाची घडी घालू लागले. एकदा घातलेली मोडून पुन्हा घातली.

"माझी मिशी येईल महिन्या-दोन महिन्यांत," हेडमास्तर म्हणाले. "उठा, चला."

उरलेली अर्धी उतरवायलाही ते थांबले नाहीत. दवाखान्यातल्या बाकावर अर्ध्या मिशीने तासभर बसले. बघणारे बघत होते, पण हसायची छाती कुणाची होईना.

डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं. अंगात पाणी साठून ते तीन किलो वाढलं होतं. त्यांनी काकांना चांगलंच फैलावर घेतलं. ही झोपेची तक्रार नव्हेच, हृदयाची आहे, आणि पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. त्यांनी औषधाचं प्रमाण बदललं. लघवीची गोळी झोपताना न घेता सकाळी घ्यायला सांगितली, आणि गोळ्यांत मनाने फेरफार करायचा नाही, अशी तंबीही दिली. रोज सकाळी वजन करायचं. ते दोन-तीन दिवसांत भरभर वाढलं, उशा वाढवाव्या लागल्या किंवा झोपेतून गुदमरून जाग आली, तर वाट न बघता कळवायचं.

घरी गेल्यावर काकांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. काकू रागावल्या नाहीत.

"मला काय कळत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बसून असायचात, मी डोळे मिटून मोजत असायचे."

"काय मोजत होतीस?"

"तुमचे श्वास."



मग काकूंनी कारभार हाती घेतला. पलंग डोक्याकडून उंच करायचा म्हणून पायांखाली विटा लावल्या, त्या जरा जास्तच झाल्या. सकाळी काका घसरत पायथ्याशी जमा झालेले. मग काकूंनी स्वतःच कमरेपासून डोक्याकडे चढत जाणारी गादी शिवली, ती बरोबर बसली. दुपारी चारनंतरचा चहा बंद झाला. त्यावर काकांनी दोन दिवस अबोला धरला, म्हणजे घरात आणखी शांतता झाली. जेवणात मीठ कमी झालं, जेवण लवकर होऊ लागलं. झोपायच्या तासभर आधी मोबाईल काकूंच्या कपाटात जाई. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, गजर लावून. आणि संध्याकाळी हेडमास्तर फिरायला न्यायला येत. दमाने चालायचे, पण बोलू देत नसत. बोलताना धाप लागली की थांबायचं, हा डॉक्टरांचा नियम. काका बोलायला लागले की थांबतच नाहीत, हा अनुभव.

सगळ्या रात्री काही सारख्या गेल्या नाहीत. पण पंधरा दिवसांत वजन उतरलं, फेऱ्या तीनांवरून एकावर आल्या, आणि काका सलग पाच-सहा तास झोपू लागले.

एके दिवशी साडेनऊ वाजले तरी सलून बंद. बाहेर चारजण ताटकळलेले, चेहऱ्यांवर काळजी. इतक्यात काका आले, गालाला घाईत लागलेला साबण तसाच. कुणीतरी तब्येत विचारली.

"मी ठणठणीत आहे," काका कुलूप काढत हळूच म्हणाले. "ही अजून झोपली आहे. किती महिन्यांची झोप राहिली होती कोण जाणे. तिला जाग यायची वाट बघत बसलो होतो."