रास्पबेरीसोबतची बाटली

आमच्या गावची स्तामेन्कामावशी रास्पबेरी गोठवून जर्मनीला पाठवायची. ट्रक माझा. प्रत्येक खेपेला ती गिऱ्हाइकासाठी घरच्या प्लमच्या दारूची एक बाटली द्यायचीच. "रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये, मिलुतिन!"

यंदा सीमेवरच्या साहेबाला ती बाटली सीटमागे सापडली.

"ही कागदावर कुठंय? अजून काय लपवलंयस?" म्हणत त्यानं सगळे खोके भर उन्हात उतरवले.

"साहेब, बर्फातलं फळ आहे, पाणी होईल त्याचं!"

"नियम मला शिकवतोस?" म्हणाला, आणि खुशाल जेवायला निघून गेला.

संध्याकाळी खोक्यांतून लाल पाणी गळत होतं. सापडलं काहीच नाही. बाटली परत देत साहेब म्हणाला, "एक बाटली चालते म्हणे. आत्ताच नियम बघितला."

तो चिखल घेऊन मी गावी परतलो. मावशी रडली नाही. तिनं बाटली उघडली आणि पहिली धार त्या खोक्यांपुढं जमिनीवर ओतली, आम्ही थडग्यावर ओततो तशी.

"उरलेली त्या साहेबाला नेऊन दे," ती म्हणाली. "मयताला आलेल्या माणसाला आपण कोरडं पाठवत नाही."