साहेबांच्या पाठीमागे

सलूनवाल्या काकांचं नाक साहेबांनी पहिल्याच दिवशी मोडलं. ओळख करून घ्यायला एवढी घाई सहसा कुणी करत नाही.

साहेब म्हणजे कुणी अधिकारी नव्हेत. चौतीस वर्षांचा, सहा फुटी, मोजकं बोलणारा गडी. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांना वसतिगृहात कोंडण्यापेक्षा एखाद्या कुटुंबात ठेवायचं, अशी एका संस्थेची योजना होती. मुलं लांब गेलेली, मागची खोली रिकामी, म्हणून काका-काकूंनी नाव दिलं. पाहुणा आला, न विचारता काकांच्या खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं. काकू म्हणाल्या, "आले साहेब." ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याची चार बोटं वाढलेली दाढी पाहून काकांचे हात शिवशिवले. खुर्चीमागे जाऊन त्यांनी सवयीने गळ्याभोवती कापड टाकलं. पुढच्याच क्षणी कोपर नाकात. काका भिंतीवर, भिंतीवरचा आरसा काकांवर. रक्त इतकं की काकूंना आधी कळेना, पुसायचं काय, नवरा की फरशी.

मग संस्थेच्या ताईंनी सगळं समजावलं. साहेबांचा थोरला भाऊ त्यांना वर्षानुवर्षं मागून येऊन पट्ट्याने झोडपायचा. वसतिगृहात तर दोन वर्षं मनगट खाटेला बांधलेलं. तेव्हा जायचं ते समोरून, आधी सांगायचं, मग हात लावायचा. आणि मारहाणीचा हा पहिला प्रकार; तिसरा झाला, तर साहेबांची रवानगी परत त्याच खाटेवर.

काकांना पटलं, पण अंगवळणी पडेना. एक्केचाळीस वर्षं त्यांनी जगाला पाठीमागून पाहिलेलं. माणूस ते मानेवरून ओळखत, तोंड फक्त आरशात बघत. महिन्याभरात, साहेब भांडी घासत असताना, त्यांच्या कॉलरवरचा केस काकांनी सहज झटकला. साहेब वळले ते पातेल्यासकट. काकांचे दोन दात बेसिनमध्ये वाजले, शिवाय दंडाला कडकडून चावा. न्हाणीत घसरलो असं सांगू, असं काकांचं म्हणणं. काकूंनी ताईंना खरं ते सांगितलं. आज खोटं बोललो तर उद्या खरं कोण ऐकणार, हा त्यांचा हिशेब.

त्यानंतर काका समोरून दाढी करायला शिकले. साठी उलटलेला माणूस गिऱ्हाइकाच्या पोटाला पोट लावून, मान तिरकी करून वस्तरा चालवतोय. सरावात दोघा गिऱ्हाइकांचे कान कापले, एकाच्या कल्ल्याचं टोक डोळ्यापर्यंत गेलं. पण साहेबांची दाढी घोटताना ओरखडाही उठला नाही. साहेब रोज सलूनमध्ये येऊन टॉवेल घड्या घालू लागले, आणि घडी जरा वाकडी झाली तरी काकांनी ब्र काढला नाही.

एका दुपारी ताई पाहणीला आलेल्या असतानाच तो थोरला भाऊ सलूनच्या दारात उभा राहिला. त्याच्या गोदामात ओझी वाहायला फुकटचा माणूस हवा होता. साहेब पाठमोरे होते. त्याने मागून मानगूट धरली आणि कानाखाली अशी ठेवून दिली की साबणाच्या वाट्या खणखणल्या. आता तिसरा प्रकार होणार म्हणून सगळे मागे सरकले. साहेबांनी हातही उगारला नाही. डोक्यावर हात घेऊन ते खाली बसले, आणि त्यांची पँट ओली झाली.

मग काका भावाच्या मागे गेले. डोकं कसं धरायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मुठीत केस पकडून त्यांनी ते बेसिनवर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा भुवई फुटली. भावाने लाथ घातली, काकांची बरगडी मोडली. तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या काकूंनी शटर ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या नडगीवर हाणला, तसा तो लंगडत, ओकत पळाला.

ताईंनी पाहणीची वही उघडली. काका बरगडी धरून म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते. पण साहेबांनी बोटही लावलेलं नाही."

"तेच तर," ताई म्हणाल्या. "नियम साहेबांसाठी आहे. घरमालकच डोकी फोडायला लागले तर मी माणूस कुणाच्या भरवशावर ठेवू?"

गोष्ट संस्थेच्या वरच्या मंडळींकडे गेली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, टेबलापलीकडे चौघे. घर रागीट आहे, साहेबांना हलवावं, असं तिघांचं मत. चौथ्याने साहेबांनाच विचारलं, वसतिगृहात जाल का?

"काकांची बरगडी दुखते, जिना उतरवत नाही," साहेब म्हणाले. "मी धरून आणलंय. मग घरी कोण नेणार?"

चौघांनी हलवायचा कागद बाजूला सारला. साहेब राहिले. अट एकच, काकांनी आठ आठवडे राग आवरायच्या वर्गाला जायचं. तोही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून साहेब सोबत. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाई साहेबांची उंची बघून, रागीट ते हेच असं धरून, घाईघाईने म्हणाल्या, "या, तुम्ही इथे पुढे बसा."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली आणि मोठ्या कौतुकाने काकांकडे बोट दाखवलं.