वीतभर मॅरो

एका भाजीवर स्टाफरूममध्ये इतके किस्से साठतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मॅरोचा विषय निघाला की मधली सुट्टी संपते, किस्से उरतातच!

उंब्रजच्या आमच्या शाळेत शिंदे सर गणित शिकवतात. त्यांचे वडील, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. उत्तरेत पोस्टिंगला असताना त्यांनी मॅरो खाल्ला होता. बी मागवून त्यांनी तो उसाशेजारी दोन गुंठ्यांत लावला. सालीनं काकडी, अंगानं दुधी. फळ वीतभर असतानाच तोडा, असं पाकिटावर लिहिलं होतं. आबांनी ते वाचलं आणि साफ नाकारलं.

"वाढीच्या वयात कुनी तोडतं व्हय?"

वाढून फळं मांडीएवढी झाली. व्यापाऱ्यानं हात लावला नाही. मग पोतं आलं स्टाफरूमला.

*

पाटीलबाईंनी दुधी समजून हलवा केला. दोन तास आटवला तरी पाणी हटेना. शेवटी आम्ही तो ग्लासातून प्यायलो. हेडसरांनी दुसरा ग्लासही घेतला, पण पित्तावरचं औषध समजून.

*

मी तो आमटीत टाकला. नवऱ्यानं दोन घास खाल्ले आणि शांतपणे सांगितलं, "उद्यापासून डबा मी करतो." आजही करतो. मॅरोचे माझ्यावर लय उपकार आहेत!

*

इकडे शिंदे सरांच्या आईंनी, आक्कांनी, आबांना अट घातली. एका तरी माणसानं मनापासून आणखी मागितला तर पुढच्या हंगामात लावा, नाहीतर तिथं मेथी. आबांचा चेहराच उतरला. आम्हाला फार वाईट वाटलं. रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला गेलो, मागायचं ठरवूनच. आबांनी दारातच ओळखलं.

"खोटं मागायचं न्हाई."

त्या दिवशी आक्कांनी स्वतःच डोकं लावलं. बिया काढल्या, फोडींना मीठ लावून पाणी पिळून टाकलं आणि दाण्याचं कूट, कांदा-लसूण चटणी घालून त्या लोखंडी तव्यावर परतल्या. आम्ही मान वर न करता खाल्लं. मागायचं कुणाला सुचलंच नाही, जो तो आपल्या हातानं वाढून घेत होता!

आक्का शेवटी जेवायला बसल्या. दोन घास खाल्ले. भाकरीच्या तुकड्यानं तवा पुसून घेतला. मग रिकाम्या तव्याकडे बघितलं.

"आवं," त्या आबांना म्हणाल्या, "अजून हाय का वो?"

आबा उठले. विळा घेऊन रानात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक वीतभर, कोवळं फळ होतं.