सात एकर पांढरा माळ

आमच्या येडूमामाच्या मुंडाशात कायम एक लिंबू खोचलेलं असायचं. मेंढरांमागं उन्हात फिरताना घसा कोरडा पडला की तो ते चोखायचा. पण त्या लिंबाचा दुसरा एक उपयोग त्यानं मला मी सात वर्षांची असताना दाखवला, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्याच्यापायी असं झालं.

मे महिन्याची सुट्टी लागली की आई मला मोडनिंबहून तिच्या माहेरी आणून सोडायची. माहेर मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला. गावाबाहेर मामाचा सात एकर माळ. दुपारी त्याच्याकडं डोळे उघडून बघायची सोय नाही, इतका पांढरा. वर सगळी बारीक खडी, त्या खडीत साबुदाण्यापासून बोराएवढे पांढरे खडे, आणि वीतभर खाली चुनखडीचा थर. कुदळ मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. एकदा मी विचारलं, "मामा, ह्ये पांढरं काय रं?" मामानं एक खडा तळहातावर घेतला, त्यावर लिंबू पिळलं. फस्स! बारीक फेस उसळला. मी किंचाळलेच.

"बघ, हसली की न्हाय माती?" मामा म्हणाला.

मग काय, दिवसभर मी त्याच्यामागं लिंबू मागत फिरले. शेवटी वैतागला. "आगं बया, सगळं लिंबू मातीलाच पाजलंस तर मी काय चोखू, खडं?"

मामा शाळेत गेला नव्हता. पण त्या माळाबद्दल विचारा, तासभर बोलेल. त्याचं म्हणणं, ह्या मातीत पाणी थांबत नाही, वरून पडलं की खडीतून खाली उतरतं. पाऊस उघडल्यावर अर्ध्या तासात खुशाल मांडी घालून बसा, धोतराला डाग लागायचा नाही. इथली कुसळी आणि पवना गुडघ्याच्या वर जात नाही, पण त्या गवतावर मेंढीचं दूध घट्ट होतं आणि कोकरू लवकर उभं राहतं. बायका भिंती सारवायला इथूनच पांढरी माती न्यायच्या. मामीला तर त्या मातीचा इतका अभिमान, की दुसऱ्याच्या घरी गेली तरी आधी भिंतीला नख लावून बघायची.

भावाभावांत वाटणी झाली तेव्हा मामा थोरला, पहिली निवड त्याची. ओढ्याकाठचं तीन एकर काळं रान सोडून त्यानं हा माळ मागून घेतला. गाव हसलं. मामी आठ दिवस बोलली नाही. मामा एवढंच म्हणाला, "काळ्या रानात ज्वारी येती, पर पावसाळ्यात मेंढरू कुटं बसवू? चिखलात खुरं सडत्यात. मेंढरू पायावर जगतं, पोटावर न्हाय." त्या माळावर त्यानं सव्वाशे मेंढरं वाढवली, दोन लेकींची लग्नं केली, लेकाला, सिद्धरामला, बारावीपर्यंत शिकवलं. आणि मला? मला माती हसते हे दाखवलं, म्हणून मी मातीचंच शिकले. आता सोलापुरात माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. तिथं बशीतल्या मातीवर ॲसिडचा थेंब टाकला आणि ती फसफसली, की मला अजून त्या मुंडाशातलं लिंबू आठवतं. लई आठवतं.

चार वर्षांपूर्वी कॅनॉलचं पाणी गावात आलं, आणि आमच्या सिद्धरामच्या अंगात ऊस शिरला. हा माझा मामेभाऊ. ह्यालाच मला देणार होते, मी शिकले म्हणून वाचले! टेंभुर्णीकडं चहूकडं ऊस बघून आला आणि म्हणाला, माळावर तलावातला गाळ पसरायचा, फूटभर, आणि लागण करायची. मामा नको म्हणत होता. बापलेकांचं महिनाभर तोंड वाकडं.

शेवटी मामाचा मला फोन आला. "ऋतू, तू शिकलेली हायस. माझ्या मातीचा कागद कर. त्यात लिवलेलं असंल की ही जमीन कशासाठी हाय ते. कागद म्हटल्यावर सिद्दा ऐकंल."

मी हरखले. मामाला माझ्या शिक्षणाचा उपयोग होणार! स्वतः गेले, चार ठिकाणची माती घेतली. अर्ज भरताना 'पीक' असा रकाना आला. शेजारी सिद्धराम उभा होता. "ऊस लिही की," म्हणाला. रोज शंभर अर्ज भरणारी मी, हात चालतच होता. लिहिलं, ऊस.

पुढच्या रविवारी तो कागद घेऊन गेले. मामा धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसला होता. त्यानं मुद्दाम सिद्धरामला बोलावून समोर बसवलं. "वाच, पोरी. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. मुक्त चुना अठरा टक्के, जास्त. मामानं मान डोलवली, जणू शाबासकीच मिळाली. निचरा उत्तम. मामा सिद्धरामकडं बघून हसला. मग खालची ओळ आली आणि माझी जीभ अडली. ती ओळ मीच छापून आणली होती, रोज छापते तशी, डोकं न लावता.

"थांबलीस का? जे हाय ते वाच."

"शिफारस. ऊस पिकासाठी जमीन सुधारण्याकरता गाळाची माती आणि शेणखत टाकावे."

सिद्धरामनं कागद माझ्या हातातून घेतला. "बघा दादा, तुमच्याच भाचीनं लिवलंय!" मी सांगत राहिले, अरे ते पिकाप्रमाणं असतं, मेंढरांचं त्यात विचारतच नाहीत. कोण ऐकतंय? मामा उठला. "कागदानं सांगितलं म्हंजे झालं," म्हणाला, आणि मेंढरांकडं गेला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गाळाचे टिपर लागले. आठ दिवसांत माळ काळा. त्या पावसाळ्यात मेंढरांना बसायला कोरडी जागा राहिली नाही. खुरं सडली, मेंढरं गुडघ्यावर चरायला लागली. मामा रोज एकेक पाय धुऊन औषध भरायचा. सव्वाशे पाय असते तर गोष्ट वेगळी, हे पाचशे! दिवाळीच्या आधी त्यानं सांगोल्याच्या बाजारात मेंढरं विकली. दारात फक्त चार ठेवली. मला हे आईकडून कळलं. दोन वर्षं मी मामाच्या गावाला गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार?

आणि ऊस? मुळं फूटभर गाळातून खाली चुनखडीला भिडली आणि पानं पिवळी पडली. केवडा म्हणतात त्याला. पहिलं वर्ष कसंबसं निघालं, तोडीनंतर फुटलेला खोडवा निम्म्यावर आला. सिद्धराम औषधं फवारून थकला.

गेल्या फेब्रुवारीत सिद्धरामचाच फोन आला. "ऋतुजा, येऊन जा. दादा कुणाचं ऐकंनात."

गेले. मामा माळावर होता. शहात्तर वर्षांचा माणूस उकिडवा बसून फावड्यानं गाळ खरवडत होता, घमेल्यात भरून बांधावर टाकत होता. सिद्धराम म्हणाला, दीड वर्ष चाललंय, रोज सकाळी. सिद्धरामनं ऊस मोडलेल्या कोपऱ्यात मामानं वाघुरीएवढी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीएवढी जागा मोकळी केली होती. काळ्या रानात तेवढाच तुकडा पांढराशुभ्र. त्यावर त्या चार मेंढ्या रवंथ करत बसल्या होत्या, कोरड्या पायांनी.

मला रडू फुटलं. "मामा, मी चुकले रे. मी ऊस लिवायला नको होतं."

"तुझी काय चूक? रकान्यात मेंढरू बसंना, त्याला तू काय करशील?" मामानं मुंडाशात हात घातला, लिंबू काढलं, माझ्या हातात दिलं. "बघ आधी. माती उघडी पडल्यावर जित्ती हाय का मेली, मला कळंना झालंय. माझी नजर गेली आता."

मी खडा उचलला. लिंबू पिळलं. फस्स झालं. दिसलं नाही तरी त्यानं कान खड्याजवळ नेऊन ऐकलं.

"आता दुसरा कागद कर," तो म्हणाला.

माझ्या पिशवीत कोरे अर्ज असतातच. तिथंच मांडी घातली. पीक, मेंढरं. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी फाडून टाकला तर टाकोत. खाली शिफारशीची ओळ लिहिली आणि वाचायला तोंड उघडलं, तोवर सिद्धरामनं कागद मागून घेतला. बापाच्या कानाशी वाकून त्यानंच मोठ्यानं वाचलं.

"शिफारस. जमिनीवर काहीही टाकू नये."

मग त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि मामाच्या हातातलं फावडं घेतलं.