उजवं फेंडर

माझी एक खोड आहे, आधीच सांगून टाकतो. रंगाखाली कुणी काही झाकून ठेवलेलं मला सहन होत नाही. इथं डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये आमच्या अर्ध्या गल्लीचं पोट गाड्यांवरच चालतं. मीही ऑफिसात ब्रेकच्या ड्रॉइंग्जवर डोळे फोडतो आणि शनिवार-रविवार गराजमध्ये जुन्या गाड्या खोलत बसतो. "खोल, खोल, एक दिवस घरसुद्धा खोलून ठेव," असं माझी बायको उपासना म्हणते. म्हणू दे. मूळ पत्रा उघडा पडल्याशिवाय मी रंगाचा डबा उघडत नाही. या खोडीपायी मी रत्नामावशींचं जे काही करून बसलो, ते कुणाला तरी सांगायलाच हवं.

रत्नामावशी आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. वय पंचाहत्तर, मूळच्या नागपूरच्या. नर्सिंग करून १९७३ साली एकट्या डेट्रॉइटला आल्या. उजव्या पायाने लंगडतात, आणि त्या लंगडण्याची गोष्ट आमच्या मंडळींत प्रत्येकाला पाठ आहे. फेब्रुवारी १९७५, दुपारचे चार. ड्यूटी संपवून मावशी रस्त्याच्या कडेने बसस्टॉपकडे चालल्या होत्या. मागून एक गाडी आली, धडक देऊन पळून गेली. ती कधीच सापडली नाही. बर्फात पडलेल्या मावशी दिसल्या त्या विष्णूकाकांना. काकांनी त्यांना स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं, तीन महिने रोज भेटायला गेले आणि पुढे लग्नच केलं. काका साताऱ्याकडचे, तथाकथित वरच्या जातीचे. मावशी आमच्या, बौद्ध. काकांच्या घरच्यांनी अकरा वर्षं त्यांचं नाव टाकलं, पण हा माणूस हूं की चूं करेल तर शपथ. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात दर वर्षी कुणीतरी स्टेजवरून ही गोष्ट सांगायचं, टाळ्या पडायच्या, आणि काका मान खाली घालून बसलेले असायचे. देव न मानणारे आम्ही, पण काकांना देवमाणूस म्हणायचो.

काकांची ती गाडी १९७० सालची. मसल कार म्हणतात तसली, दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, आठ सिलिंडरची. लग्नानंतर काकांनी ती पुन्हा चालवली नाही. पन्नास वर्षं त्यांच्या गराजमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. "आमची गाठ हिनेच घातली, म्हणून जपलीय," असं मावशी कौतुकाने सांगायच्या. काका विषय बदलायचे.

दीड वर्षापूर्वी काका गेले. शेवटच्या दिवसांत तीनदा म्हणाले होते, "गाडी भंगारात दे. चिरडून टाकायला सांग. कुणाला देऊ नकोस." मावशींना वाटलं, औषधांनी बरळतायत. त्यांनी गाडी मला दिली. "एकदा हिच्यात बसून फिरव रे मला, अतुल," म्हणाल्या, "तेव्हा मी बेशुद्ध होते, काहीच आठवत नाही." माझे तर हात शिवशिवत होतेच.

वर्षभर इंजिनाशी झटलो. ऑक्टोबरमध्ये ते चालू झालं तेव्हा शेजारपाजारची कुत्री भुंकून भुंकून बेजार. मग बॉडीचं काम काढलं. मावशी येऊन घडीच्या खुर्चीवर बसायच्या, शाल गुंडाळून. गाडीच्या उजव्या बाजूला त्या खुर्ची कधीच ठेवायच्या नाहीत. एकदा मीच उजवीकडे ठेवली, तर पाचच मिनिटांत खुर्ची ओढत डावीकडे गेल्या. "तिकडे गार लागतं," म्हणाल्या. अहो, हीटर उजवीकडे होता! मी बघत राहिलो. तेव्हाच शहाणा व्हायला हवं होतं.

या फेब्रुवारीत पुढच्या उजव्या फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, हात घातला. रंगाखाली पोचे बुजवायला पुट्टी भरलीय का, ते बघायला मी चुंबक लावून बघतो. पत्रा असेल तर चिकटतं, पुट्टी असेल तर गळून पडतं. सगळ्या गाडीवर ते चिकटलं. उजव्या फेंडरवर हेडलाइटच्या मागे लावलं आणि टपकन खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. खुर्चीतून मावशी कण्हल्या. वळून बघितलं तर कंबरेवर हात दाबून बसलेल्या.

"मावशी, दुखतंय का?"

"काही नाही. थंडीचं. तू कर तुझं."

मी पॉलिशपेपर घासायला लागलो. घासला की मावशी कण्हायच्या, थांबलो की गप्प. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आता हसाल मला! आमच्या बाबांनी उभं आयुष्य लोकांना भूतखेत झूठ आहे हे समजावण्यात घालवलं, आणि मी भर दुपारी, दिवे लावलेल्या गराजमध्ये थरथरत होतो. पण थांबलो का? छे. कुणीतरी इतकी जाड पुट्टी थापून ठेवली होती, तीही घाईघाईत, अगदी बेंगरूळ. माझ्या डोक्यात सणक गेली. पटाशी घेतली आणि सगळी खरवडून काढली.

खाली मोठा पोचा होता. वरची कड आत दबलेली, रुंद, खोलगट. दुमडलेल्या पत्र्याच्या चिमटीत काहीतरी अडकलेलं दिसलं. चिमट्याने ओढलं तर लोकरीचे चार धागे. पुट्टीखाली हवा लागली नव्हती, त्यामुळे रंग तसाच. गर्द निळा.

मावशी कधी उठून माझ्यामागे आल्या, कळलंच नाही.

"हरणाची धडक असेल, मावशी," मी म्हणालो. "इथं काय, रस्त्यारस्त्यावर हरणं मरतात."

"हरीण निळा कोट घालत नाही रे," मावशी म्हणाल्या. "पहिल्या पगारात घेतला होता मी. हॉस्पिटलात कापून काढला अंगावरून."

मग त्यांनी शाल बाजूला केली, गाडीकडे पाठ केली आणि हळूहळू मागे सरकल्या. उजवी कंबर त्या पोच्यात जाऊन बसली. अगदी बरोबर बसली. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच टेकून उभ्या राहिल्या. त्यांना हाताला धरून बाजूला करावं, एवढंही मला सुचलं नाही.

"दर वर्षी त्या तारखेला मी खीर करायचे," त्या शेवटी म्हणाल्या. "वाटी त्यांच्या हातात देऊन म्हणायचे, तुमच्यामुळे जगले. तर हे वाटी तशीच ठेवून बाहेर निघून जायचे. मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस, साधे आभार घेववत नाहीत. पन्नास वर्षं मी आभार मानले, अतुल. एकदाही म्हणाले नाहीत की रत्ना, नको."

मी रडलो. खरं सांगतो, हातात पटाशी धरून रडलो. मी म्हणालो, "मी उद्याच हे सगळं परत भरतो, मावशी, रंग देतो." त्या शाल गुंडाळून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, सगळीकडे बर्फ चकाकत होता. पावणेचारला मावशी आल्या. "गाडी बाहेर काढ," म्हणाल्या. आमचा ड्राइव्हवे, म्हणजे गराजपासूनची वाट, पश्चिमेकडे रस्त्याला उतरतो. मी गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी केली, हँडब्रेक ओढला. मावशी लंगडत आल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. अपघातानंतर त्यांनी कधी स्टीअरिंगला हात लावला नव्हता. जिथं जायचं तिथं काका सोडायचे.

"तेव्हाही असंच ऊन होतं," त्या म्हणाल्या. "चारची वेळ, गाडीचं हेच पश्चिमेला तोंड. समोरून सूर्य डोळ्यांवर आला, तर बिचाऱ्याला काय दिसणार? दिसलेच नसेन मी, तर मला समजून घेता येईल. पुढचे दिवस काढता येतील. तू पुढे जा, उजव्या कडेला उभा राहा. चालू दे इंजिन."

"आणि दिसलो तर, मावशी?"

त्यांनी दार ओढून घेतलं.

मी वीस पावलं पुढे गेलो, उजव्या कडेला, बर्फात उभा राहून वळलो. सूर्य माझ्या पाठीशी होता. समोर ती गाडी, सगळी रंगवायला तयार आणि एक फेंडर ठेचलेलं. इंजिनाची घरघर तळपायांना लागत होती. हँडब्रेक ओढलाय, हे मी मनात घोकत होतो. काचेतून मावशींचा चेहरा उन्हात स्वच्छ दिसत होता. त्यांचे डोळे थेट माझ्यावर होते.

न राहवून मी एक पाऊल डावीकडे सरकलो. डोळे डावीकडे आले. उजवीकडे सरकलो. डोळे उजवीकडे आले. मग इंजिन बंद झालं. मावशींनी खिडकीची काच खाली केली आणि अजून माझ्याचकडे बघत ओरडून म्हणाल्या, "नाही रे अतुल, काही दिसत नाही! नुसतं ऊन आहे!"